नक्षत्रासाठी रोवलेली मेढ

मांडव उभा झाला, शेवटची गाठ बसली, की शेषरावमामा चपला काढून त्याच्याखाली उताणे पडायचे. खाली सतरंजी असो नसो. हात डोक्याखाली आणि डोळे वरच्या कापडावर. तिकडं नवरीचा बाप खुर्च्यांच्या नावानं ओरडत असायचा, आचारी चुलीसाठी जागा मागत असायचा, आणि ज्याच्या भरवशावर हे सगळं, तो माणूस निवांत पडलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना भोवळ आली. पाण्याचा तांब्या घेऊन मी धावले, तर न उठताच म्हणाले, "बसा बाई. उजेड बघून राहिलो जरा."

कापडातून गाळून खाली येणाऱ्या उन्हाचा रंग त्यांना हवा तसा नसला, तर ते उठून एखादी पट्टी सोडवायचे, दुसरी बांधायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. यात अर्धा तास सहज जायचा. "मांडव म्हणजे दोन दिसांचं आभाळ हाय," ते म्हणायचे, "त्याच्याखाली माणसानं दोन दिस तरी बरं वागावं." लोक काही तसे वागायचे नाहीत, पण मामांनी प्रयत्न सोडला नाही.

मी जवळा बाजारच्या शाळेत शिकवते. आवाज बरा आहे, त्यामुळे स्नेहसंमेलनापासून निवृत्तीच्या सत्कारापर्यंत सगळीकडचं निवेदन माझ्याच गळ्यात पडतं. जिथं माझा माइक, तिथं बहुतेक वेळा मामांचा मांडव. उंच, किंचित वाकलेला देह, सदऱ्याच्या खिशातून लोंबणारं सुतळीचं टोक, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ ऐकत राहण्याची सवय. त्यांना काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की विचारणारा अर्ध्या वेळा निघून गेलेला असायचा.

आवाज कापडात मुरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ज्या लग्नात मानपानावरून भांडणं झाली, त्या मांडवाचं कापड ते पुढच्या लग्नाला देत नसत. आधी घराच्या गच्चीवर चांगलं ऊन दाखवायचं. "ह्याच्यात शिव्या हायेत," असं म्हणून एकदा त्यांनी अख्खा गठ्ठा बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. मी चेष्टेनं विचारलं, "आणि माझी भाषणं कुठल्या गठ्ठ्यात?" मामांनी बराच विचार केला. म्हणाले, "तुमचं बोलणं चांगलं आस्तंय बाई. पर ते धुतलं की जातंय."

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता. कुठल्याही कामाला पहिला खांब रोवायचा तो मेढ म्हणून. लग्नात मुहूर्तमेढ रोवतात तशी: खड्ड्यात सुपारी, अक्षता, हळकुंड, खांबाला आंब्याचे डहाळे आणि सवाष्णीच्या हातची हळद. लग्न असो, सप्ताह असो की बँकेच्या शाखेचं उद्घाटन, मेढ रोवल्याशिवाय मामा दुसऱ्या बांबूला हात लावत नसत. आणि एकदा रोवली, की ज्या कार्यासाठी रोवली ते पार पडेपर्यंत ती उपटायची नाही. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण यापुढे मामांच्या वडिलांनी घालून दिलेलं एक कलम होतं: एक मेढ उभी असताना दुसरी रोवायची नाही.

याच कलमानं पुढं घात केला.

नक्षत्रा नावाची गायिका तेव्हा नुकतीच सगळीकडे गाजू लागली होती. वयानं लहान पोरगी, पण रिक्षात तीच, टपरीवर तीच, हळद शिजवायच्या कढईशेजारी ठेवलेल्या मोबाइलवरही तीच. लग्नांत तर तिच्या गाण्याशिवाय वरात पुढं सरकत नव्हती. तिचा दौरा जाहीर झाला, आणि वसमतच्या काही तरुण व्यापाऱ्यांनी खटपट करून त्यात वसमतचं नाव घालून घेतलं. त्यांचा म्होरक्या अमोल हा माझा जुना विद्यार्थी. मुख्य स्टेज पुण्याची कंपनी आणणार होती. बायकांच्या बसण्याची जागा, कनाती आणि गायिकेची तयार व्हायची खोली, एवढं काम मामांकडं आलं.

मामांना त्या कामाचा इतका आनंद झाला की मला नवल वाटलं. त्यांना सिनेमाचीसुद्धा आवड नव्हती. विचारलं, तर नेहमीसारखं थांबून म्हणाले, "बाई, त्या लेकराचा आवाज माझ्या मांडवात लई डाव वाजलाय. पर पेटीतला. गळ्यातला एकडाव तरी कापडाला लागू द्या. मंग ते कापड पोरीबाळींच्या लग्नाला वापरीन."

वसमतच्या शिवेवर गोविंद नायकांचं शेत आहे. नायक बंजारा तांड्यावरचे. त्यांच्या पूर्वजांनी बैलांवर माल वाहिला आणि नायकांनी पाण्याच्या जोरावर हळद पिकवली. हळद नुकतीच निघाली होती, रान मोकळं होतं, म्हणून त्यांनी मैदानासाठी दिलं. फाल्गुनातल्या एका सकाळी तिथं मामांनी मेढ रोवली. मला मुद्दाम सोबत नेलं होतं. "तुमी सवाशीण हाव, तुमचा हात लागू द्या." मी हळद लावली. पुण्याच्या कंपनीचा एक मुलगा जागा मोजायला आला होता. तो हसत म्हणाला, "काका, आमचं स्टेज लोखंडी असतं. त्याला हे लागत नाही."

"लोखंडाला नसंल लागत," मामा म्हणाले, "ऐकायला बसणाऱ्या माणसाला लागतं."

त्याच आठवड्यात गारपीट झाली. चिखलात कार्यक्रम कसा करणार? तारीख महिनाभर पुढं गेली. मग इतकी गर्दी वसमतला सांभाळता येणार नाही असं ठरलं आणि जागा बदलून हिंगोली झाली. हिंगोलीचं मैदान आधीच कुणाला तरी दिलेलं निघालं, तेव्हा नांदेड. नांदेडचे फलक लागले आणि गायिकेचा घसा बसला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. अमोलचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तो मामांना म्हणाला, "मामा, कारेक्रम कुटं हाय, हे आता मलाच कळंना. तुमी आपली मेढ काढून घ्या, पुढची कामं धरा."

मामा म्हणाले, "लेकरू हाय ते. थकलं आसंल. येऊ द्या सावकाश."

"पर वसमतला न्हाई ना येनार ती!"

"मेढ वसमतला हाय."

अमोलनं माझ्याकडं पाहिलं, मी आभाळाकडं.

आणि लगीनसराई सुरू झाली. मामांच्या दारात माणसं येत होती आणि परत जात होती. ज्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं मामांच्या मांडवात लागली, त्या घरानं दुसरा मांडव सांगितला. कामाची माणसं थोडे दिवस बसून राहिली आणि मग परभणीकडच्या एका मांडववाल्याकडं निघून गेली. कौसल्यामामी, म्हणजे मामांच्या घरच्या, मुळात तोंडानं फटकळ. त्यांच्या बोलण्याला आता धार आली. "जगाच्या पोरींची लग्नं लागून राहिली," दळण निवडता निवडता त्या मला ऐकवायच्या, खरं तर मामांना, "अन् आमचे हे पाहुणीची वाट बघून राहिले. काहून? त्या पाहुणीला ह्यांचं नावबी ठावं न्हाई!"

मलाही राहवलं नाही. मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मामा, तुमच्या वडिलांकडं बांबूचा एकच संच होता. म्हणून एका वेळी एकच मेढ. तो नियम नव्हता, ती अडचण होती."

मामांनी हे पूर्ण ऐकून घेतलं. चहा संपला, कप विसळून झाला, तरी बोलले नाहीत. मग म्हणाले, "आसंल बाई, बराबर आसंल. पर अडचणीतूनच त्यायला ते सुचलं. एका कार्यात जीव असताना दुसऱ्यात घालू न्हाई. आता संच दोन झाले, जीव कुटं दोन हायेत?" मला त्यांचा राग आला आणि मायाही वाटली. या माणसाच्या बाबतीत या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

त्या दिवसांत एकदा मी त्यांच्याबरोबर वसमतला गेले. मामा दर आठ-दहा दिवसांनी एसटीनं जाऊन मेढ बघून यायचे. डहाळे वाळले होते, ते त्यांनी बदलले. दिवस कलला होता. आजूबाजूच्या खळ्यांवर शिजवलेली हळद वाळत घातलेली, तिचा ओलसर, मातकट वास सगळ्या रानावर पसरलेला. आम्ही ढेकळांवर बसलो. मामा बोलू लागले आणि नेहमीचं थांबणं विसरले. "वर पांढरं कापड. त्याच्याखाली हळदीच्या पान्यात बुडवलेलं, फिकं. झालर न्हाई, चमचम न्हाई. ती आशी इकडून येईल. दिवे लावू द्यायचे न्हाईत. ह्याच येळंला गायचं तिनं. उजेड कापडातून खाली उतरून राहिला, आवाज खालून वर चाललाय, अन् दोघांची गाठ माणसाच्या डोक्यावर हाताभर वर. तिथं. तिथं बघा बाई."

मी बघितलं. खोटं कशाला सांगू, त्या रिकाम्या रानात मला पांढरं कापड हललेलं दिसलं. बायका पदर सावरून बसलेल्या दिसल्या. हवा अगदी थांबली होती आणि कुणीतरी आता गायला सुरुवात करणार, अशी ती शांतता होती. किती वेळ गेला कोण जाणे. नायकांची पूजा आली आणि मी भानावर आले. पूजा वसमतच्या कॉलेजात शिकत होती आणि नक्षत्राची सगळी गाणी तिला पाठ होती. "मामा, नवीन तारीख आली का?" तिनं विचारलं.

"येईल, येईल," मामा म्हणाले. "तुझी जागा पहिल्या रांगेत."

मिरगाच्या आधी गोविंद नायक जरा कुरकुरले. "मामा, तुमची मेढ ट्रॅक्टरला आडवी येती."

"आली तर घ्या की जरा वळसा."

नायकांनी वळसा घेतला. त्या वर्षी त्यांनी त्या रानात सोयाबीन पेरलं, आणि मधोमध मेढीभोवती घागरीच्या चुंबळीसारखा गोल सोडला. रस्त्यानं जाणारे लोक विचारायचे, तिथं काय आहे? नायक सांगायचे, आमच्याकडं पाहुणी येणार आहे.

आषाढात मामा गेले. आजार नाही, दवाखाना नाही. गच्चीवर कापडं वाळत घालून खाली आले, जेवले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर काही दिवसांनी अमोलचा निरोप आला, की नांदेडचाही कार्यक्रम रद्द झाला आणि दौरा तिकडं पुण्या-मुंबईतच संपला. हे मामांना कळायच्या आत ते गेले, याचं मला बरं वाटलं. आणि असं बरं वाटल्याचं मला फार वाईट वाटलं.

आता मेढ निघणार हे सगळे धरूनच चालले होते. मामी व्यवहारी बाई. धंदा त्यांनाच पुढं चालवायचा होता. तेराव्याला पुतण्या म्हणाला, "काकू, उद्या वसमतला जाऊन खांब घेऊन येतो."

मामी भांडी आवरत होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "हात लावू नको."

"आता कशाला पायजे ती? बाई येनार न्हाई."

"तिच्यासाठी न्हाई म्हनून राहिले मी. त्यायचं काम आर्धं राहिलंय. आर्ध्या कामाची मेढ मी उपटू का? गानं झाल्याबिगर न्हाई." आणि मग, नेहमीच्या फटकळपणानं, "जलमभर तकलीफ दिली मानसानं, अन् जाताना बी कामच लावून गेला."

तुळशीची लग्नं झाली, पुन्हा सराई आली. मामी दारात आलेल्या माणसांना परत पाठवू लागल्या. लोक म्हणाले, येडेपणा घरात पसरतो म्हणतात ते खोटं नाही.

मार्गशीर्षात गोविंद नायक स्वतः जवळा बाजारला आले. पूजाचं लग्न ठरलं होतं. "मामी, मांडव तुमचाच पायजे."

"मेढ उभी हाय आमची."

"व्हय, माझ्याच रानात की! तिथंच लगीन लावू. सोयाबीन निघालं, रान मोकळं हाय. दुसरी मेढ रोवायची गरजच काय?"

"ती लग्नाची न्हाई, गान्याची हाय."

नायक म्हणाले, "आमच्यात नवरी गाऊनच घर सोडती, मामी. ढावलो म्हन्तेत. आई-बापाच्या, भावाच्या, सोबतीणींच्या गळ्यात पडून गायचं. पर पूजा गाईल का, ते मला सांगता येनार न्हाई. आताच्या पोरी लाजतेत. म्हन्तेत, डीजे लावा."

मामींनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. "तिच्यावर जबरदस्ती करायची न्हाई," मामी म्हणाल्या. "गायली तर गायली. न्हाई तर मेढ तशीच ऱ्हाईल, मी काय घाईत न्हाई." घाई होती. घरातला पिठाचा डबा मी पाहिला होता. पण मामी कामाला लागल्या. परभणीला गेलेली माणसं बोलावली, गठ्ठे सोडले. वर पांढरं कापड लावलं, खाली हळदीच्या पाण्यात बुडवलेलं फिकं. मामांनी मला जे सांगितलं होतं ते त्यांना कधी सांगितलं, की एरवी त्या ऐकत नाहीत असं दाखवून सगळं ऐकत होत्या, हे मी विचारलं नाही.

लग्न दणक्यात झालं. डीजेवर नक्षत्राची गाणी वाजली आणि पोरं धूळ उडेपर्यंत नाचली. नायक मामींपाशी येऊन हळूच म्हणाले, "झालं म्हनायचं का? तिचंच गानं वाजलं."

"हे पेटीतलं झालं," मामी म्हणाल्या. "त्यायला गळ्यातलं पायजे होतं."

पाठवणीची वेळ झाली तेव्हा दिवस कलला होता. डीजे बंद केला. पूजा नव्या साडीत, मेकअप सांभाळत, आईसमोर उभी राहिली. आईनं तिला मिठीत घेतलं आणि ढावलो म्हणायला सुरुवात केली. गोरमाटी बोली मला कळत नाही. दोन ओळी झाल्या आणि आईचा गळा असा दाटला की पुढचा शब्द फुटेना. सगळे थांबले. पूजा मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, संपलं, आता गाडीत बसेल. मामी कनातीजवळ उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मग पूजानं ती ओळ उचलली. आधी अगदी बारीक, चाचपडत. नंतर तिला स्वतःची लाज राहिली नाही. ती आईला धरून गायली, बापाला धरून गायली, धाकट्या भावाचं डोकं छातीशी धरून गायली. त्यात नक्षत्राचं काही नव्हतं, कॉलेजचं काही नव्हतं. रडणं कुठं संपतं आणि सूर कुठं लागतो ते समजत नव्हतं. फिक्या कापडातून उजेड खाली येत होता. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि एवढ्या माणसांत एक खुर्ची हलल्याचाही आवाज नव्हता. माझ्या हातात माइक होता, तो मी कधी खाली ठेवला मला आठवत नाही. मी मनसोक्त रडले.

गाडी गेली. धूळ बसली. माणसं जेवणाच्या पंगतीकडं वळली. मामींनी पोरांना हाक मारली, पण पोरं पहार घेऊन आली तेव्हा त्यांना हातानं थांबवलं. एकट्याच मेढीजवळ गेल्या. खांबावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या, आणि मामांशी त्या जन्मात कधी बोलल्या नसतील इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "झालं बरं का गानं. निघा आता."